कार्पेट एरिया सोडून काही विचारायचंय का?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि 'अप्पर'च्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर हा मजकूर वाचणाऱ्यांना तर खास नमस्कार. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून करतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे जनरल बॉडीची मीटिंग झाली. बिबवेवाडीतली चार मजली इमारत, १९८८ चं बांधकाम, लिफ्ट नाही. टेरेसवर डांबर झालं, केमिकल झालं, चायना मोझॅक झालं, तरी पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या ठेवाव्या लागतातच. गेल्या वर्षी एका स्वयंपाकघरात छताचा गिलावा खाली आला. ओट्यापाशी तेव्हा कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यामुळे विषय एकच होता, रिडेव्हलपमेंट.

दोन-अडीच तास चर्चा झाली. कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. शेवटी सेक्रेटरी काका वैतागून म्हणाले, "कार्पेट एरिया सोडून कुणाला काही विचारायचंय का?"

सगळे गप्प. आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून माझी आजी म्हणाली, "अरे, मला एवढंच सांग, काँक्रीट ओतताना आपल्या बाजूनं तिथं उभं कोण राहणार आहे?"

दोन-तीन जण हसले. एक काका म्हणाले, "आजी, बिल्डरचे इंजिनिअर असतात ना तिथं!"

"त्याचे असतात रे. आपलं कोण?"

आजीचं वय ऐंशीच्या पुढे. तिनं इंजिनिअरिंग सोडाच, कॉलेजही पाहिलं नाही. पण तिचा हा प्रश्न म्हणजे जगभरातल्या विद्यापीठांत गेली साठ-सत्तर वर्षं चाललेल्या संशोधनाचा गाभा आहे. चांगलं डिझाईन कागदावर असतं, मग इमारत वाईट का होते? डिझाईन चांगलं आहे हे ठरवायचं कुणी? आणि तपासायचं कधी? या प्रश्नांचा इतिहास आज सांगतो. त्यातला बराचसा पुण्यातच घडलाय.

बुधवार, १२ जुलै १९६१

आजीला हा प्रश्न पडतो त्याचं कारण एका तारखेत आहे. जुन्या पुणेकरांसमोर नुसतं 'पूर' म्हणा, ते साल विचारत नाहीत. १२ जुलै १९६१.

आजी तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायची. नुकतंच लग्न झालेलं. सकाळी गल्लीत ओरडा झाला, "धरण फुटलं!" तिच्या सासऱ्यांना ती अफवाच वाटली. मग पाणी आलं. ती सांगते, "आधी मोरीतून उलटं आलं, मग दारातून आलं, मग कुठून येतंय ते कळायचंच बंद झालं." घरातले सगळे वाचले, कारण दिवसाची वेळ होती आणि पळता आलं. मातीच्या भिंतींचा वाडा मात्र बसला. पुढचे काही महिने त्यांनी पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसेन हटमध्ये काढले. अर्धगोल पत्र्याचं घर, दुपारी तव्यासारखं तापायचं. पुण्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी तेव्हा स. गो. बर्वे यांच्याकडे होती. आजी अजूनही ते नाव आदरानं घेते.

आता धरणाकडे येऊ. मुठेची उपनदी आंबी, तिच्यावर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पूर्ण व्हायचं होतं १९६२ मध्ये. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी साठवायचं, असं ठरलं. म्हणजे डेडलाईन एक वर्ष अलीकडे आली.

पाणी साठवायचं तर नको असलेलं पाणी बाहेर सोडायची सोय आधी हवी. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा मार्ग असतो, त्याला मोरी म्हणतात. त्या मोरीचे दरवाजे अजून पूर्ण बसवून झाले नव्हते. अर्धवट उतरलेल्या दरवाज्यांखालून पाणी उसळ्या घेत जाऊ लागलं. मोरीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्यांचं बळही नव्हतं. मोरीला धक्के बसले आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचायला लागला. पाऊस थांबत नव्हता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भराव धरून ठेवला. त्यांनी काही तास मिळवून दिले म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं. त्या काही तासांमुळे आमच्या आजीसारखी कितीतरी माणसं वाचली.

पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं. १८७९ मध्ये पूर्ण झालेलं ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं आणि मग ते पाणी पुण्यात आलं.

मी रोज सॉफ्टवेअर बनवतो. हा घटनाक्रम पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा पोटात गोळा आला, कारण तो ओळखीचा वाटला. रिलीजची तारीख अलीकडे आणली. करायचं काम तेवढंच राहिलं. मग दाबलं काय गेलं? जे शेवटी असतं ते. टेस्टिंग, दरवाजे, सुरक्षेची सोय. आमच्याकडे अशा वेळी ॲप क्रॅश होतं, आम्ही रात्री जागून पॅच टाकतो आणि सोमवारी समोसे खातो. धरणाला पॅच टाकता येत नाही.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आधी न्यायमूर्ती बावडेकर, नंतर न्यायमूर्ती नाईक. दोष कुणाचा यावर पुण्यात आजही वाद घालणारे भेटतील. मला त्यातली एकच गोष्ट आज हवी आहे. पाणी साठवायची तारीख पुढं ओढली, पण त्या तारखेआधी जी कामं संपायलाच हवी होती ती मागेच राहिली. कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे, याकडे पाहणं ही स्वतःच एक विद्या आहे. आणि ही विद्या तेव्हा आपल्याकडे कुठल्या कॉलेजात वेगळी शिकवली जात होती? जवळपास कुठेच नाही.

भिंत किती जाड, हे शिकवलं. काम कसं चालवायचं, ते नाही

म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं का? उलट, देशातल्या सर्वात जुन्या ठिकाणांपैकी एक इथेच. १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजचं आपलं सीओईपी. हेतू सरळ होता. सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायच्या होत्या आणि त्यासाठी हाताखाली प्रशिक्षित माणसं हवी होती.

याच कॉलेजातून १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले. त्यांनी पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले आणि १९०३ मध्ये ते बसवले कुठे, तर खडकवासल्याला. तेच धरण, जे पुढे १९६१ मध्ये फुटलं. म्हणजे बुद्धीची कमतरता या शहरात कधीच नव्हती.

पण शिकवलं काय जायचं? तुळईवर किती भार येईल, भिंत किती जाड हवी, पाणी किती वेगानं वाहील. हे सगळं आवश्यकच आहे. मात्र शंभर मजूर, दहा गवंडी, तीन ठेकेदार, उशिरा येणारं सिमेंट आणि लवकर येणारा पाऊस यांचा मेळ कसा घालायचा, हे वर्गात नव्हतं. ते साईटवर शिकायचं, एखाद्या जुन्या मुकादमाच्या मागे हिंडून. मुकादम चांगला भेटला तर इमारत चांगली. ज्ञान होतं, पण ते माणसाबरोबर यायचं आणि माणसाबरोबर जायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा कोड एकाच सीनिअरच्या डोक्यात, डॉक्युमेंटेशन शून्य.

त्याच वर्षी, स्टॅनफर्डमध्ये

आता जरा दूर जाऊ, पण साल तेच ठेवू.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीसाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली हे दोघे एका प्रश्नावर काम करत होते. मोठ्या कामात शेकडो छोटी कामं असतात, त्यातली नेमकी कुठली लांबली तर सगळंच लांबतं? त्यातून क्रिटिकल पाथ मेथड आली. पण तिला कॉम्प्युटर लागायचा आणि तेव्हाचा कॉम्प्युटर अख्खी खोली व्यापायचा. सामान्य बांधकाम ठेकेदार तो कुठून आणणार?

मग स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन फाँडाल यांनी एक अहवाल लिहिला. विषय असा, की कॉम्प्युटरशिवाय, कागद-पेन्सिल घेऊन, बांधकाम ठेकेदाराला ही पद्धत कशी वापरता येईल. प्रत्येक काम म्हणजे एक गोल, आणि कुठलं आधी, कुठलं नंतर ते दाखवायला मध्ये रेषा. आज तुमच्या ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या टूलमध्ये 'हे टास्क त्या टास्कवर अवलंबून' अशी जी रेषा दिसते, तिचं मूळ बऱ्याच अंशी या कामात आहे.

त्या अहवालाची तारीख काय? नोव्हेंबर १९६१. पानशेतनंतर चार महिन्यांनी.

हा अहवाल आधी आला असता तर पानशेत वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. कागदावरच्या गोलांनी धरणं वाचत नाहीत. तारीख पुढे ओढण्याचा आग्रह धरणारी माणसं असतात आणि त्यांना 'नाही' म्हणावं लागतं. पण 'नाही' म्हणणाऱ्या कनिष्ठ इंजिनिअरच्या हातात निदान एक कागद असतो. "साहेब, हा दरवाज्याचा गोल पूर्ण झाल्याशिवाय पाणी साठवायच्या गोलाला हात लावता येत नाही." नुसत्या भीतीपेक्षा असा कागद जास्त वजनदार ठरतो.

घराच्या स्लॅबचं उदाहरण घ्या. आधी शटरिंग, मग सळ्या, मग सळ्यांची तपासणी, मग काँक्रीट, मग क्युरिंग म्हणजे पाणी मारत राहणं, मग टेकू काढणं. यात सळ्यांची तपासणी हे एकच काम असं आहे, की ते गाळलं तरी वरून काहीच फरक दिसत नाही. काँक्रीट ओतलं की सगळे स्लॅब सारखेच राखाडी. फरक दिसतो वीस-तीस वर्षांनी, स्वयंपाकघरात गिलावा पडतो तेव्हा.

१९८३: एकाच वर्षी दोन पाट्या

१९८३ हे वर्ष आपल्या भागासाठी मजेशीर आहे. महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी बिबवेवाडीतलं आपलं व्हीआयटी स्थापन झालं. आज अप्पर इंदिरानगरच्या रस्त्यावर सकाळी पाठीवर सॅक घेतलेल्या मुलांची जी गर्दी दिसते, तिची सुरुवात तिथून.

आणि त्याच १९८३ मध्ये, बांधकाम उद्योगाच्याच पुढाकारातून, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च, म्हणजे निकमार, स्थापन झालं. पुण्यात बालेवाडीला त्यांचा कॅम्पस आहे. बांधकामाचं व्यवस्थापन हा नुसता अनुभवाचा मामला नसून शिकवायचा आणि संशोधनाचा विषय आहे, असं म्हणणारी स्वतंत्र संस्था. मुकादमाच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरवायचा प्रयत्न. १८५४ पासून मोजलं तर १२९ वर्षांनी.

तोवर बाहेरच्या जगात या विषयानं एक मोठी गोष्ट मांडली होती. स्टॅनफर्डचेच बॉइड पॉलसन यांनी १९७६ मध्ये एका लेखात दोन वक्ररेषा काढल्या. एक रेषा म्हणजे प्रकल्पावर प्रभाव टाकायची ताकद. ती सुरुवातीला सर्वात जास्त असते आणि काम पुढे जाईल तशी घसरत जाते. दुसरी रेषा म्हणजे खर्च झालेला पैसा. ती सुरुवातीला जवळजवळ शून्य असते आणि नंतर चढत जाते. दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडतात. म्हणजे ज्या दिवसांत एक प्रश्न विचारल्यानं सगळं बदलू शकतं, त्या दिवसांत प्रश्न विचारायला जवळपास पैसाच लागत नाही. आणि जेव्हा आपण प्रश्न विचारायला लागतो, तेव्हा भिंत पाडूनच उत्तर मिळतं.

सॉफ्टवेअरमध्ये बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये याच जातीची गोष्ट मांडली. चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती दुरुस्त करणं महाग. आम्हाला ती पाठ असते. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी अडीच तास गप्प बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

किल्लारी: मजबूत घर म्हणजे चांगलं घर?

इथपर्यंत बोललो ते बांधणीच्या दर्जाबद्दल. डिझाईनच्या दर्जाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्याला लातूर जिल्ह्यात घेऊन जातो.

भूकंपासाठी आपल्याकडे आयएस १८९३ नावाचं मानक आहे. पहिली आवृत्ती १९६२ ची. त्याची व्हर्जन हिस्टरी बघितली की अंगावर काटा येतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० मध्ये नवी आवृत्ती आली, नकाशातले विभाग सातावरून पाच झाले. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला आणि २००२ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती, विभाग चार झाले. संशोधन सतत चालू असतं, पण पुस्तक बदलायला बहुतेक वेळा जमीन हलावी लागते.

मधल्या काळात किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी काही मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. तेव्हाच्या नकाशात हा भाग पहिल्या विभागात होता, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या. घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गार राहणारी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. तीच घरं अंगावर आली आणि हजारो माणसं गेली.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं मजबूत होती, यात शंका नाही. पण पुढच्या वर्षांत संशोधक तिथं परत गेले आणि त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. या घरांत माणसं राहतायत कशी? रोहित जिज्ञासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या विद्यापीठात सादर केलेला पीएचडीचा प्रबंध अशाच प्रश्नांचा आहे. त्यात मराठवाडा आणि नेपाळमधली गावं आहेत. अशा अभ्यासांतून दिसलं ते असं. जुन्या गावात आळी होती, पार होता, बोळ होते, ओसरी होती. नव्या गावात शहरासारखे सरळ, रुंद रस्ते आणि एका ओळीत सुटी घरं. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, सरपण कुठं ठेवायचं, बायकांनी दुपारी कुठं बसायचं, याचा विचार नकाशात कमी पडला. मग लोकांनी आपल्या मनानं खोल्या वाढवल्या, भिंती घातल्या. कधी कधी त्याच जुन्या पद्धतीनं, जिची भीती होती.

हे फार महत्त्वाचं आहे. घर भूकंपात टिकेल, पण राहणाऱ्याला जुळलं नाही तर तो ते बदलणार. आणि बदलताना त्याची ताकदही बदलणार. म्हणजे राहणाऱ्याला न विचारणं हा केवळ सोयीचा मुद्दा उरत नाही, तो सुरक्षेचाही होतो.

याचा उलटा अनुभवही महाराष्ट्रातच आहे. आपल्या बिबवेवाडीत 'ओटा' म्हणून भाग आहे ना? ओटा म्हणजे जोतं. ओटा योजनेची कल्पना अशी, की जमिनीचा तुकडा, जोतं आणि पाणी-संडासाची सोय सरकारनं करायची, भिंती ज्याच्या त्यानं उभ्या करायच्या. ऐपत येईल तसं घर वाढवायचं. अनेकांना तेव्हा हे अर्धवट काम वाटायचं. मुंबईत चारकोपला १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं अशीच मोठी योजना झाली. वीस वर्षांनी संशोधक पुन्हा तिथं आणि चेन्नईतल्या अशाच वसाहतींत गेले. २०१८ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधारण असा, की ज्याला आपण अपयश समजत होतो त्या वस्त्या चांगल्या जिवंत, वाढलेल्या निघाल्या. तिथं राहणारा माणूस डिझाईनमध्ये पहिल्या दिवसापासून होता.

दर्जा मोजायचा कसा?

ब्रिटनमध्ये २००० च्या आसपास तिथल्या बांधकाम क्षेत्राच्या परिषदेनं संशोधकांना बरोबर घेऊन एक प्रश्नावली बनवली, डिझाईन क्वालिटी इंडिकेटर. तिचे तीन भाग. एक, इमारत कामाला येते का? दोन, नीट बांधली आहे का? तीन, तिथं गेल्यावर माणसाला बरं वाटतं का? दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन वास्तुकार विट्रुवियसनं जवळपास हेच तीन गुण सांगितले होते, त्यामुळे नवीन ते काय, असं वाटेल.

नवीन हे होतं की प्रश्नावली एकट्या आर्किटेक्टनं भरायची नाही. मालकानं भरायची, वापरणाऱ्यानं भरायची, बांधणाऱ्यानंही भरायची. आणि एकदाच नाही, तर कल्पना मांडताना, नकाशा झाल्यावर आणि राहायला गेल्यावर पुन्हा. मग उत्तरं शेजारी ठेवायची. जिथं ती जुळत नाहीत तिथं बोलायचं. डेव्हिड गॅन, ॲमन सॉल्टर आणि जेनिफर व्हाईट या तिघांनी २००३ मध्ये यावर लेख लिहिला आणि या प्रश्नावलीला विचार करायचं साधन म्हटलं. मला ते पटलं. मार्क द्यायची पट्टी नव्हे, तर बोलायला भाग पाडणारा कागद.

आपल्या शेजारची रात्र

एवढं संशोधन, एवढ्या संस्था. मग आता सगळं ठीक चाललंय का?

२९ जुलै २०१६. बालेवाडी. एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅब भरताना तो कोसळला आणि ९ मजूर गेले. ज्या उपनगरात बांधकाम व्यवस्थापन शिकवलं जातं, त्याच उपनगरात.

२९ जून २०१९. कोंढवा, आमच्या अगदी शेजारचं. मध्यरात्रीनंतर पावसात एका सोसायटीची सीमाभिंत खाली असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. बहुतेक जण बिहारहून आलेले, दुसऱ्यांची घरं बांधायला.

त्या दिवशी सकाळी आजी टीव्हीसमोर बसून होती. ती एवढंच म्हणाली, "पत्र्याच्या खोलीत पावसाचा आवाज फार मोठा येतो रे. भिंत पडताना त्यांना ऐकूसुद्धा आलं नसेल."

संशोधन आणि साईट यांच्यातलं अंतर मोजायला मला याहून वेगळा आकडा नको. आपण ज्याला बांधकामाचा दर्जा म्हणतो, त्यात घर घेणारा असतो, बिल्डर असतो, आर्किटेक्ट असतो. बांधणारा मजूर त्या यादीत शेवटीसुद्धा येत नाही.

मग आपण काय विचारायचं?

आता पुन्हा आमच्या पार्किंगमध्ये. मीटिंगनंतर मी घरी येऊन वाचायला बसलो. 'सॉफ्टवेअरवाला का होईना, इंजिनिअर आहेस ना' म्हणून यादी करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं.

पहिली गंमत म्हणजे पुण्यात पीएमसी दोन आहेत. एक आपली महापालिका. दुसरी प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी राज्य सरकारनं ४ जुलै २०१९ ला कलम ७९(अ) खाली जी कार्यपद्धती काढली, त्यात हा सल्लागार सोसायटीनं नेमायचा असतो. आजीच्या 'आपलं कोण?' या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर हेच. पण बऱ्याच ठिकाणी हा माणूस टेंडरचे कागद करण्यापुरता नेमतात. काँक्रीट ओतायच्या दिवशी तो साईटवर असणार का, हे करारात लिहून घेतलं तरच तो आपला.

दुसरं, काँक्रीटची परीक्षा. स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. आयएस ४५६ हे मानक सांगतं, की १६ ते ३० घनमीटर काँक्रीटमागे किमान ३ नमुने घ्या आणि प्रत्येक नमुन्याचे ३ ठोकळे करा. या ठोकळ्यांचे अहवाल सभासदांना दाखवणार का? हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरं, आमच्या जुन्या इमारतीचं कोडं इथं थोडं उलगडलं. १९८८ मध्ये लागू होतं आयएस ४५६ चं १९७८ चं रूप. त्यात सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी एम १५ ही ताकद चालायची. २००० च्या आवृत्तीत किमान एम २० झाली. सळईवर काँक्रीटचं किती जाड आवरण हवं, तेही वाढलं. आवरण कमी पडलं की पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. बाहेरून डांबर लावून ते थांबत नाही. म्हणजे टेरेसवर इतकी वर्षं आम्ही बग सोडून स्क्रीन पुसत होतो.

चौथं, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधणीतला किंवा कारागिरीतला दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. चांगलं कलम आहे. पण पॉलसनच्या रेषांवर बघितलं तर हे सगळ्यात उजव्या टोकाचं औषध, जिथं आपली ताकद सर्वात कमी उरलेली असते.

पाचवा प्रश्न मी आजीला विचारून घातला. काम चालू असताना मजूर कुठे राहणार? कुठल्या भिंतीखाली?

पुढच्या मीटिंगमध्ये मी ही यादी वाचली. एक काका म्हणाले, "अरे, इतकं विचारलं तर कुठलाच बिल्डर येणार नाही." दुसऱ्या काकू म्हणाल्या, "न विचारता येणारा आपल्याला हवाय का?" पंधरा मिनिटं वाद झाला. त्यात कार्पेट एरियाचा 'क' आला नाही, हेच आमच्यासाठी नवीन होतं. शेवटी पाचपैकी चार प्रश्न टेंडरमध्ये घालायचे ठरलं. मजुरांच्या राहण्याचा मुद्दा 'पुढे बघू' म्हणून बाजूला ठेवलाय. अंतिम मतदान अजून व्हायचंय, आणि तोपर्यंत मी तो मुद्दा पुन्हा आणणार आहे. पुढे बघू म्हणून ठेवलेल्या गोष्टी कुठं नेतात, ते आमच्या घरात १९६१ पासून माहीत आहे.

तुमच्या सोसायटीत अशी मीटिंग असेल तर एक करा. अजेंडा येईल तेव्हा घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुला काय विचारायचंय?" आणि तो प्रश्न मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावा. आमच्या मिनिट्समध्ये आता मुद्दा क्रमांक सात असा आहे: 'काँक्रीट ओतताना सोसायटीच्या बाजूने कोण उभे राहणार, हे लेखी ठरवावे.' सुचवणाऱ्याच्या जागी आजीचं नाव आहे. तिनं ते चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मग म्हणाली, "शुद्धलेखन बरं आहे."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि डोक्यावरच्या स्लॅबकडे एकदा वर मान करून बघा.